अध्यक्षांच्या फोटोखालचं बटण

आमच्या समाजाच्या संस्थेचं म्हैसूरला मुलींचं वसतिगृह आहे. यंदा प्रवेशाचे अर्ज पहिल्यांदाच वेबसाइटवर घ्यायचं ठरलं. दसरा झाला की सोमवारी सकाळी अर्ज सुरू, जिचा आधी येईल तिला आधी खोली. वेबसाइट एका एजन्सीनं बनवली. ती तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण हूटगळ्ळीच्या एका ऑफिसात मी पोटासाठी तेच करते आणि समाजातली असल्यामुळे हे फुकट करते.

समितीच्या बैठकीत वेबसाइट भिंतीवर मोठी करून दाखवली. आधी समईचा व्हिडिओ, मग संस्थेचा इतिहास, मग हात जोडलेले अध्यक्ष, आणि त्यांच्या खाली, चिकाटीनं शोधल्यास, अर्ज. टाळ्या पडल्या. भिंतीवर कुठलीही वेबसाइट चांगलीच दिसते.

ऑफिसात मी सर्व्हरची परीक्षा घेतली. शेकडो माणसं एकाच क्षणी पान उघडताहेत असं सोंग करणारा एक प्रोग्राम असतो. ती सोंगातली माणसं समईपाशीच अडकली आणि सर्व्हरनं मान टाकली. अध्यक्ष नात्यानं माझे लांबचे काका. मी त्यांना फोन करून सांगितलं, व्हिडिओ काढावा लागेल.

"खरी माणसं एवढी घाई करत नाहीत गं," ते म्हणाले.

राहिली ब्राउझरची तपासणी. आमच्या ऑफिसातले फोन नवेकोरे. वसतिगृहात ज्यांच्या मुली येतात त्यांच्यासारखा फोन तिथे कुणाकडेच नाही. पण नवरात्र होतं, चामराजपुरमच्या आमच्या घरी म्हैसूरच्या रीतीनं पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या आणि संध्याकाळी बायका बघायला येत होत्या. मी दारातच बसले. आई हळदकुंकू देई, मी फोन मागे.

"सुम्ने, उगीच फोन कशाला मागतेस?" एका मामीनं विचारलं.

"एक पान उघडून बघते नि देते, मामी."

"देतेस ना पण? मागच्या दसऱ्याला डबा दिला होता, तो अजून यायचाय."

बहुतेक फोनांवर पान नीट उघडलं. मग चामराजनगरहून राहायला आलेल्या माझ्या मावसबहिणीनं, अक्कानं, आपला फोन दिला. काचेला तडा गेलेला, जुना. मी तिलाच अर्ज भरायला सांगितला.

"अय्यो, नाव भरलं, मार्क भरले. पण पाठवायचं कुठून? बटनच नाही की गं."

बटण होतं. जुन्या ब्राउझरला मांडणीच्या नव्या सूचना कळत नाहीत, आणि न कळलेलं तो कुणाला विचारत नाही, सोडून देतो. अध्यक्षांचा फोटो घसरून नेमका बटणावर बसला होता.

अक्काच्या मुलीला म्हैसूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. रोज बसनं जाणं-येणं बापाला मंजूर नव्हतं. खोली मिळाली तर शिक्षण, नाहीतर घर.

"सायबर सेंटरात जाऊन भरू का मग?" अक्कानं विचारलं.

"नको. तुझ्याच फोनवरून जाईल."

बोलून बसले, म्हणजे आता करणं भाग होतं. एजन्सीला फोन केला. "आमच्याकडे व्यवस्थित दिसतंय मॅडम," ते म्हणाले, "आणि अध्यक्षांचा फोटो आम्ही कसा हलवणार?"

तेव्हा अध्यक्षांनाच हलवायला हवं होतं. अष्टमीला ते बाहुल्या बघायला आले. मी अक्काचा फोन त्यांच्या हातात ठेवला आणि म्हटलं, काका, एक अर्ज भरून दाखवा.

त्यांनी मन लावून भरला. शेवटी पोचल्यावर स्वतःच्याच जोडलेल्या हातांवर बोट दाबत राहिले.

"हे पुढं जात नाही."

"तुम्ही आडवे आलाय, काका."

"अध्यक्षांचा फोटो वर असतोच. तुमच्या बाहुल्यांतसुद्धा राजा-राणी वरच आहेत, अल्लवा?"

"आहेत. पण खालच्या वाण्याच्या दुकानावर पाय सोडून बसलेले नाहीत."

आईला खोकला आला. काकांनी फोन उलटसुलट करून पाहिला. "कुणाचा हा?"

"माझा, काका," अक्का म्हणाली. "मुलीचा अर्ज ह्याच्यावरूनच घालायचाय."

त्यांनी फोन तिला परत दिला. मग हळूच म्हणाले, "मी जायचं कुठं पण?"

"'संस्थेविषयी' म्हणून वेगळं पान करू. समईही तिथंच."

"आयतु, तसं करू," ते म्हणाले. त्यांनी तिथूनच एजन्सीला फोन लावला. तो संपेपर्यंत मी उसळीची वाटी हातात धरून उभी राहिले आणि संपल्यावरच त्यांना दिली.

बदल झाल्यावर मी पुन्हा सोंगातली गर्दी सोडली. सर्व्हर धापा टाकत उभा राहिला. अक्का गावी निघण्याआधी तिच्या फोनवरही पान पुन्हा उघडून बघितलं.

सोमवारी खरी माणसं सोंगातल्यांइतकीच घाईनं आली. थोड्याच वेळात अक्काचा फोन आला. "गेला गं. 'अर्ज मिळाला' म्हणतंय. आता आणखी काही दाबू का?"

"काही दाबू नकोस."

मुलीला खोली मिळाली, जिन्याखालची. संध्याकाळी मी कुठल्या पानावर किती माणसं आली ते पाहिलं. 'संस्थेविषयी' पान दिवसभर एकाच फोनवरून पुन्हा पुन्हा उघडलं गेलं होतं. समई एकदाही अडकली नव्हती.