अर्धी दाद
गाडीत ती सीडी लावली की नावन या आयरिश गावातलं ते थंडगार चर्च आठवतं, ओल्या कोटांच्या वासासकट. विस्मृतीत गेलेल्या एका डच संगीतकाराची सिम्फनी तिथे कित्येक वर्षांनी वाजत होती, रेकॉर्डिंगही चालू होतं. माझ्या शेजारी मिरजेहून आलेले बाबा होते आणि आवडलं की त्यांना दाद दिल्याशिवाय राहवायचं नाही. "इथे शेवटपर्यंत गप्प बसायचं हं, बाबा," मी दोनदा बजावलं होतं. "अरे, मग वाजवणाऱ्याला कळणार कसं?" ते म्हणाले होते. संथ भागात व्हायोलिनं अलगद खाली उतरली आणि बाबांच्या तोंडून "वा" निघालंच. मी "श्श" करून त्यांचा हात दाबला. पुढे कार्यक्रम संपेपर्यंत ते हललेसुद्धा नाहीत. आता बाबा नाहीत. सीडीत त्यांचं "वा" जेमतेम ऐकू येतं. माझं "श्श" मात्र अगदी स्पष्ट.