दीड तासाची राखण

मोहफुलं पडायला लागली की आमच्या गावाची सकाळ चार वाजता होते. गेल्या वर्षीही तसंच. आमच्या धानाच्या बांधीच्या, म्हणजे भातशेताच्या, धुऱ्यावर मोहाची दोन झाडं आहेत, बांधाच्या दोन टोकांना. बायको, मी आणि सातवीतली मुलगी, तिघं टॉर्च घेऊन निघायचो. साडेपाचपर्यंत रात्री पडलेली फुलं वेचून व्हायची. मग आम्ही दोघं दुसऱ्या झाडाकडे जायचो आणि पहिल्या झाडाखाली मुलगी राखणीला राहायची. फुलं पडतच असतात आणि गुरं, चितळं ती टपून खातात.

ती जुनं लुगडं अंथरून आडवी व्हायची. उजाडताना मी पलीकडून पाहायचो. तिच्या केसांत, पोटावर, उघड्या तळहातावर पिवळट फुलं पडलेली असायची आणि ती गाढ झोपेत. फुलाच्या स्पर्शाने बोटं हलायची, पुन्हा स्थिर व्हायची. वास इतका दाट असायचा की उभ्या उभ्या माझेच डोळे मिटायचे. धुकं नसतानाही सगळं धुक्यातलं वाटे. बरोबर सात वाजता मी तिला उठवायचो.

उन्हाळ्यातली सकाळची शाळा अजून सुरू झाली नव्हती. साडेदहाला ती वर्गात बसायची आणि जेवणाच्या सुट्टीनंतर डुलक्या घ्यायची, अशी तिच्या वर्गाच्या बाईंची तक्रार होती.

"भाऊ, तिला नेणं बंद करा. तिची झोप होत नाही," असं त्यांनी मला शाळेत बोलावून सांगितलं.

मी घरून हिशेब करूनच गेलो होतो. रात्री साडेनऊ ते पहाटे चार, साडेसहा तास. झाडाखाली साडेपाच ते सात, दीड तास. एकूण आठ. मी सांगितलं, "मॅडम, पुढच्या आठवड्यात शाळेत आरोग्याचं सर्वेक्षण आहे. त्यात तिची झोप आठ तासांच्या खाली निघाली, तर दुसऱ्या दिवसापासून नेणार नाही. माझा शब्द." मुलीला यातलं काही बोललो नाही. तिने आकडा बघून उत्तर द्यावं असं मला नको होतं. मोहाच्या दिवसांची ती वर्षभर वाट बघते, हे मला ठाऊक होतं.

सर्वेक्षणाच्या दिवशी पालक समितीचा सदस्य म्हणून मला लिहायला बसवलं. मनाविषयीचे प्रश्न मुलांनी स्वतः लिहून, कागद दुमडून पेटीत टाकायचे होते. ते कोणी बघायचे नव्हते आणि मीही बघितले नाहीत. उंची, वजन, पाणी, झोप हे मात्र तोंडी. बाई विचारायच्या, मुलं सांगायची, मी रकान्यात भरायचो. दुपारचं ऊन खिडकीतून फळ्यावर आलं होतं. शाळेमागच्या मोहाचा वास आत येत होता आणि अर्धा वर्ग पेंगत होता. आकडे एकाच सुरात येत होते, सहा, साडेसहा, सहा.

माझ्या मुलीची पाळी आली.

"साडेसहा," ती म्हणाली.

माझा पेन थांबला. "आणि झाडाखाली झोपतेस ते?"

"ते झोप थोडी होय, बाबा? ते राखण होय."

"डोळे मिटून?"

"राखणच होय, काका," मागून दोघीतिघी म्हणाल्या. त्यांच्याही झाडाखाली तेच चालतं.

"इची राखण आमच्या झाडापावतर आयकू येते, काका," एक जण म्हणाली. "अशी घोरते का चितळ काय, अस्वलबी येणार नाई!"

वर्ग हसला. मुलगी मागे वळून म्हणाली, "तू तं बसूनच घोरतं!"

बाई हसल्या नाहीत. "भाऊ, विद्यार्थी सांगेल तेच लिहायचं आहे."

मी साडेसहा लिहिलं. आधीच्या सगळ्या आकड्यांतही राखण धरलेली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. पण ती मुलांची उत्तरं होती, माझी नव्हती.

घरी जाताना तिला सगळं सांगितलं. ती रस्त्यातच उभी राहिली.

"मले आधी काऊन नाई सांगतलं?"

"आधी सांगितलं असतं तर तू आठ म्हणाली असतीस."

"मंग आता जोडा ना दीड तास! तुमीच तं घड्याळ पाहून राह्यले होते."

"शब्द सर्वेक्षणातल्या आकड्याचा होता."

ती रडली नाही. गावापर्यंत माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिली. घरी आईने विचारलं तर म्हणाली, "बाबाले इचार."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघंच गेलो. पहिल्या झाडाखाली कोणी नसायचं. तीन दिवसांत गुरांनी किती फुलं खाल्ली ते मोजता येण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी मोजायला गेलोही नाही. पलीकडे नजर जायची. रिकामी जमीन आणि तिच्यावर सावकाश पडणारी फुलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर बाईंना गाठलं. "मॅडम, रविवारी शाळा नाही. तिला नेलं तरी घरी आल्यावर ती तीन तास झोपू शकते. बेरीज आठच्या वर जाते."

बाईंनी वहीवरून मान वर केली. "रविवारचं मला कशाला विचारता, भाऊ? रविवार तुमचा."

रविवारी ती आमच्या आधी उठून टॉर्च घेऊन दारात उभी होती. पहिली फुलं वेचून झाल्यावर तिने लुगडं अंथरलं, पण आडवी झाली नाही. मांडी घालून, हनुवटी वर करून ती झाडाकडे बघत बसली. फूल सुटलं की डोळ्यांनी त्याच्याबरोबर खाली यायची. उजाडलं, ऊन फांद्यांतून उतरलं, तरी तशीच.

सात वाजता मी जवळ गेलो. "झोपली नाहीस?"

"आठवड्यातून एकच दिवस हाये, बाबा," ती वरच बघत म्हणाली. "बसा ना जरा."

मी घड्याळाचा हात खिशात घातला आणि लुगड्याच्या कडेला बसलो.