दोन झाडांचे आडनाव

एकच आडनाव म्हणजे एकच रक्त असते का? हा प्रश्न माझ्या चिनी वंशाच्या शेजारीण लिनमावशींनी मला घातला. त्यांचा होणारा जपानी जावई हायाशी. पेढ्यांच्या डब्यावर त्याने स्वतःच्या लिपीत आडनाव लिहिले होते: शेजारी शेजारी दोन झाडांची चिन्हे, म्हणजे वन. ‘लिन’ही असेच लिहितात.

“मास्तर, हा आमच्याच कुळातला! आमच्यात एका आडनावात लग्न करत नाहीत.”

“मावशी, हेच चिन्ह कोरियात लिम, व्हिएतनाममध्ये लाम होते. जपानात तर रानाकाठी राहणारेही हायाशी झाले.”

“आणि चीनहून तिकडे गेलेले?”

तेही आहेत. मी पुन्हा डब्याकडे पाहिले. ती दोन झाडे मला एकाएकी घनदाट वाटू लागली.

साखरपुडा रविवारी आहे. तोवर हे कूळ एकच की वेगळे, ते वाचकांनी कृपया स्वतः पडताळून पाहावे.