खुशबूच्या काळजाचा कागद

आमच्या आंबागडात मागच्या महिन्यात बातमी फिरली, की देवकाबाईने पोरीला भंडाऱ्याला नेऊन तिचं काळीजच बदलवून आणलं. बोअरिंगवर निघालेली बातमी पिठाच्या चक्कीपर्यंत पोचली, तेव्हा नवं काळीज म्हशीचं झालं होतं. म्हैस मी घातली, खोटं कायले बोलू!

खरं एवढंच, की पोरीचा इको काढला. छातीवर थंडगार जेल लावून काळीज कसं चालते ते पडद्यावर पाहतात, तो. गाडी माझीच होती, म्हणून पक्कं सांगतो.

देवकाबाई माझी शेजारीण. तेंदूपत्त्याच्या दिवसांत पुडे बांधते, बाकी वर्षभर लोकांच्या धानाच्या बांध्यांत राबते. तिची बारा वर्षांची खुशबू सिकलसेलची, म्हणजे जन्मापासूनच्या रक्ताच्या आजाराची. हातपाय ठणकले की माय शेकत बसते आणि आम्ही शेजारी फुकटचे सल्ले देतो. यंदा शाळेची पोरं किल्ल्यावर चढणार होती. भुपेंद्र गुरुजींनी खुशबूचं नाव खोडलं. म्हणाले, "सिकलसेलवाल्यांचं हृदय कमजोर असते."

"कोणी पाहिलं? पाहूनच घेऊ ना," देवकाबाई म्हणाली आणि पोरीसकट माझ्या गाडीवर येऊन बसली. मला विचारलंसुद्धा नाही.

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पडद्यावर पाहिलं, मग सांगितलं. रक्त कमी, म्हणून हृदयाला जास्त राबावं लागते. त्यानं ते थोडं मोठं झालंय, पण रक्त फेकायची ताकद चांगली आहे. गोळ्या चुकवायच्या नाहीत, पाणी भरपूर, दरवर्षी इको.

"किल्ला चढू शकते का, तेवढं सांगा."

"हळूहळू, थांबत थांबत. दुखलं किंवा धाप लागली की लगेच खाली."

"मंग हेच लिहून द्या."

दुसऱ्या दिवशी देवकाबाई कागद घेऊन शाळेत, आणि मी तमाशा पाहायला तिच्या मागे. गुरुजींनी कागद दोनदा वाचला. नाव परत लिहिलं. मग हळूच एक हमीपत्र पुढे सरकवलं: काही झाल्यास शाळा जबाबदार नाही, खाली आईची सही.

"हे सगळ्यांच्या मायबापाले दिलं का?"

"बाकीची पोरं धडधाकट आहेत ना, बाई."

देवकाबाईने हमीपत्र होतं तसं टेबलावर परत ठेवलं.

"अख्ख्या शाळेत काळीज तपासून आणलेली एकच पोरगी हाय, गुरुजी. सही बाकीच्यांची घ्या."