ओल्या पोत्यातला एसी

हुमनाबादच्या ठाण्यात असताना एक गुन्हा मी नोंदवला नाही, आणि तो नोंदवला नाही म्हणून आजही हायसं वाटतं. नावं कुणाचीच देत नाही. ती माणसं अजून त्याच गल्लीत राहतात आणि त्यांच्या घरच्या लग्नकार्याला मला जावं लागतं.

ऐन उन्हाळ्याची दुपार होती. मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, एक आडते हातात अर्ज घेऊन ठाण्यात आले. वयस्क, कपाळावर विभूती, गावात मान असलेला माणूस. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "सायेब, माझ्या धाकट्या भावाला आत टाका."

मी पाणी पाजलं आणि म्हटलं, "आत टाकायला वेळ लागत नाही, अप्पा. आधी काय झालं ते सांगा."

त्यांच्या बायकोचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. उष्णता सोसायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून निजायच्या खोलीत एसी बसवला. पण दुपार झाली की तो हवा थंड करणं बंद करायचा आणि बाई कासावीस व्हायच्या. मेकॅनिक यायचा, गॅस भरायचा, एसी चालू व्हायचा. कडक ऊन पडलं की पुन्हा तेच. गॅसपायी एवढा पैसा गेला, की त्यात दुसरा एसी आला असता. शेवटी मेकॅनिकनंच कारण सांगितलं, की गच्चीवरच्या युनिटचा नट कुणीतरी मुद्दाम ढिला करून गॅस सोडून देतंय.

आणि गच्ची दोघा भावांची मिळून होती. वडिलांच्या मागं वाटणी झाली, मधे भिंत आली, बोलणं बंद झालं. धाकट्याचा जिना थेट गच्चीवर जायचा.

"माझ्या बायकोच्या जिवावर उठलाय त्यो," आडते म्हणाले.

धाकटा सरकारी बसवर ड्रायव्हर होता. मुद्दाम नुकसान करून बाईंचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा नोंदला, अटक झाली, की त्याचं निलंबन ठरलेलं. घरात कमावणारा तो एकटाच. मी अर्ज ठेवून घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि चौकशी करून पुढचं बघू म्हणालो. आडत्यांना ते आवडलं नाही. जाताना ते मला न भेटता हवालदाराला नमस्कार करून गेले!

संध्याकाळी धाकट्याला बोलावलं. ड्युटीवरून तसाच खाकी कपड्यात आला आणि बाकावर अंग चोरून बसला. पोलिसाच्या नोकरीत खोटं बोलणारे इतके पाहिले, की नुसत्या शपथेवर मी विश्वास ठेवत नाही. मी आवाज चढवला. "गॅस कामून सोडलास?"

"सायेब, त्यो गॅस कुठं आसतोय तेबी मला ठाव न्हाई."

"मग भाऊ खोटं बोलतो?"

त्यानं खाकी शर्टाचं वरचं बटण लावलं. मग म्हणाला, "अण्णा म्हणायलाय तर लिवा माझं नाव. अण्णाला मी खोटं पाडणार न्हाई."

च्यायला, आता याला काय करावं! आरोपी आरडाओरडा करतो, वकिलाचं नाव घेतो, रडतो. हा तर स्वतःच गळ्यात फास घालून घ्यायला तयार. मी त्याला घरी पाठवलं, पण मनातून तो काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना माझा हवालदार बोलून गेला. तो चिटगुप्प्याचा. "सर, आमच्या गावात एका कापड दुकानदाराचं असंच झालंय. तिथं भाडेकरू गॅस सोडायलाय म्हनं."

"मेकॅनिक कोण?"

"ह्योच की, सर!"

माझा कप हातातच राहिला. एका घरी भाऊ, दुसऱ्या घरी भाडेकरू. मेकॅनिक मात्र तोच.

त्याच दुपारी पंच घेऊन गच्चीवर गेलो. पाय भाजत होते. एसीचं बाहेरचं युनिट कुठं दिसेना. कोपऱ्यात गोणपाटाचा एक गठ्ठा तेवढा होता. आडते म्हणाले, "त्याच्यातच हाय. ऊन लागू नये म्हणून रोज सकाळी पोतं भिजवून गुंडाळतो. रांजणाला गुंडाळतो तसं."

आमच्याकडं उन्हाळ्यात रांजण असाच गार ठेवतात. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. नट बघायचा म्हणून मी पोतं सोडवलं. आतून भट्टीसारखी झळ आली. नटावर धुळीचा जुना थर तसाच होता. पंचनामा लिहून होतोय तोवर युनिटचा पंखा घरघरला आणि खालून बाईंचा आवाज आला, "अवं, गार हवा यायलीय!"

गॅस भरला नव्हता, मेकॅनिक आला नव्हता. मी फक्त पोतं काढलं होतं.

"अप्पा, मेकॅनिक वर आल्यावर पहिल्यांदा काय करतो?"

"पोतं काढतोय."

"आणि जाताना?"

"पुन्हा बांधून जातोय. लई काळजीनं बांधतोय."

आडत्यांनी उत्तर दिलं खरं, पण त्यांना अजून काही कळलं नव्हतं. मला कळलं. तरी कोर्टात माझं कळणं चालत नाही. कलबुर्गीहून कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं मीटर लावून गॅस पुरेपूर असल्याचं लिहून दिलं. कोंडलेलं युनिट तापून आपोआप बंद पडतं आणि मोकळं झालं की चालतं, हेही सांगितलं. मग आम्ही पोतं पुन्हा बांधलं, गच्चीच्या दोन्ही दारांना कुलूप लावून सील केलं आणि किल्ल्या मी खिशात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी एसीची गार हवा बंद झाली. मी सांगितल्याप्रमाणे आडत्यांनी मेकॅनिकला फोन केला. मी आतल्या खोलीत दाराआड बसलो होतो. मेकॅनिक आला, चहा घेतला, एसीपुढं हात धरला आणि वर न जाताच म्हणाला, "गॅस गेलाय, अप्पा. राती पुन्हा नट ढिला केलाय तुमच्या भावानं."

"नक्की त्यानंच?" आडत्यांनी विचारलं.

"दुसरं कोण करतंय?"

मी बाहेर आलो. "गच्चीला माझं सील आहे. किल्ल्या ह्या बघ."

त्यानं किल्ल्यांकडं पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. ठाण्यात फारसं विचारावं लागलं नाही. पोतं काढलं की युनिट आपोआप चालू व्हायचं, गॅस भरल्याचं तो नुसतं सोंग करायचा आणि पैसे घ्यायचा. गॅस पुन्हापुन्हा कसा संपतो, असं गिऱ्हाईक विचारणारच. म्हणून चहा पिता पिता तो घरात कुणाशी वाकडं आहे ते काढून घ्यायचा आणि खापर त्याच्यावर फोडायचा. भांडणाचा विषय निघाला की बिलाकडं कुणी बघायचं नाही. फसवणुकीचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला.

तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येकाला मी सांगतो. एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे, मग ती कुठं आहे ते दाखव म्हणा, आणि ती बुजवल्याशिवाय भरू देऊ नका. मेकॅनिकबरोबर उन्हात उभं राहा. भाव आधी ठरवा, पावती घ्या, भाग बदलला तर जुना भाग मागून घ्या. बाहेरच्या युनिटवर सावली धरायची तर उंचावर छप्पर करा, त्याला कपडे घालू नका! मोठा खर्च सांगितला तर दुसऱ्याला दाखवायला लाजू नका.

पण ही केस मला एसीपेक्षा माणसाबद्दल शिकवून गेली. आडते मोंढ्यात मुठीत धान्य घेऊन त्याचा भाव सांगणारे, कुणाला न फसणारे. ते फसले, कारण भावाबद्दल वाईट ऐकायला त्यांचे कान आधीच तयार होते.

अर्ज मागं घ्यायला ते आले, तेव्हा मीच त्यांना जीपमधून घरी सोडलं. धाकटा नुकताच ड्युटीवरून येऊन दारात बूट काढत होता. आडते त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मी तुज्यावर केस घालायला गेलतो रे," ते कसंबसं म्हणाले.

धाकट्यानं मान वर केली. "ते ऱ्हाऊ दे, अण्णा. वैनीला आता दुपारची झोप लागायलीय का?"

आडत्यांनी भर गल्लीत त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी जीपच्या ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.