गव्हाणीतली काडी

बजाजनगरात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे काका वर्षभर कुणाशी ना कुणाशी भांडत असतात. कधी नळाच्या पाण्यावरून, कधी गाडी लावण्यावरून. बोलताना बोट नाचवायचं आणि वाक्य संपलं की "समजलं का?" विचारायचं, ही त्यांची सवय. गणपतीत मी त्यांच्या शेवग्याची आमच्या गच्चीवर आलेली फांदी तोडली, तेव्हापासून आमचा अबोला होता. फाटक उघडताना ते दिसले की मी मान फिरवायचे.

नाताळाआधीचा आगमनकाळ लागला आणि एका संध्याकाळी तेच दारात उभे. हातात गवताची एक काडी.

"वहिनी, माफी मागायला नाय आलो. चूक तुमचीच हाय. पण मनात राग ठेवून येशूबाळाची गव्हाण कशी सजवू? चला, ही काडी तुमच्या हातानं टाका."

एक भांडण मिटलं की गव्हाणीत एक काडी, अशी त्यांच्या घरची रीत. बाळाची मूर्ती नाताळच्या रात्री ठेवायची, तोवर अंथरूण तयार हवं. मी त्यांच्या घरी गेले, तर लाकडी गव्हाणीत गवताची गादीच झाली होती.

"लई मऊ लागंल बाळाला," ते कौतुकानं म्हणाले.

मी काडी ठेवली आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. काकूंनी चहा दिला. निघताना ते फाटकापर्यंत आले, शेवग्याकडं बोट नाचवलं.

"फांदीला परत हात लावणार असाल, तर पुढच्या वर्षीच्या भांडणाची काडी आत्ताच बाजूला काढून ठेवतो. समजलं का?"