कोन गा तू?

महाल भागातल्या आमच्या गल्लीत राहणाऱ्या त्या गृहस्थांना चेहरे लक्षात राहत नसत. रोज नमस्कार केला तरी विचारत, "कोन गा तू?" ते डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होते; तिथे कॅमेरा नव्हता, म्हणून डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची चित्रं ते लाल-निळ्या पेन्सिलींनी काढत.

एकदा मी डोळे दाखवायला गेलो. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्या जन्मापासूनच नागमोडी आहेत, चित्र काढून घ्या. अंधाऱ्या खोलीत ते गृहस्थ बॅटरीच्या उजेडात माझ्या डोळ्यात बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "लय वर्षांनी आल्या, बाई!"

त्यांनी कपाटातून पिवळा पडलेला कागद काढून बॅटरीखाली धरला. लाल-निळी नागमोडी वळणं, आणि खाली माझ्या आईचं नाव. तिला जाऊन बारा वर्षं झाली होती.

मी घाबरून दिवा लावला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"कोन गा तू? त्या बाई कुठी गेल्या?"